एमए इतिहास, शोधप्रकल्प: विषय 'फार मोठा' म्हणून परत आला. लहान कसा करायचा?

नगरपेठ_२४

एमए इतिहास, दुसरं वर्ष. शोधप्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६ श्रेयांक आहेत. विषय दिला होता 'महाराष्ट्रातील प्लेग आणि मराठी वृत्तपत्रे (१८९६ ते १९०५)'. 'लहान करा' एवढाच शेरा मारून आराखडा परत आला. 'संशोधन पद्धती'चा पेपर झालाय, व्याख्या पाठ आहेत. पण जुनं वर्तमानपत्र समोर आल्यावर काय टिपायचं, हे त्यात कुठेच नव्हतं. तीन शंका आहेत. लहान म्हणजे किती लहान? गृहीतक (आधी मांडून मग तपासायचं विधान) लिहायलाच हवं का? आणि टिळकांचे अग्रलेख पुस्तकरूपात मिळतात, तर जुने अंक चाळायची गरज आहे का?

दप्तरदार

शीर्षकातले दोन शब्द गाळून विषय लहान होत नाही. अंक मोजा. 'केसरी' तेव्हा साप्ताहिक होता, मंगळवारी निघायचा. दहा वर्षं म्हणजे एकाच पत्राचे ५२० अंक. त्याऐवजी २ फेब्रुवारी ते २२ जून १८९७ एवढंच धरा. मंगळवार येतात २१. सुरुवातीलाच ४ फेब्रुवारीचा साथरोग कायदा आहे आणि शेवटी २२ जूनची रात्र, पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली ती. 'इथूनच का आणि इथपर्यंतच का' हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात, त्याचं उत्तर या दोन तारखांतच आहे.

तुलनेला 'सुधारक' घ्या. तोही पुण्याचा, तोही साप्ताहिक. दोन्ही मिळून साधारण ४२ अंक. एक अंक ओळ न् ओळ वाचून टिपायला दोन ते अडीच तास धरा. दिवसाला तीन अंकांपुढे गेलात की डोळे नुसते फिरतात, वाचत नाहीत. म्हणजे १४ बैठका. ग्रंथालयाच्या सुट्ट्या, बांधणीला गेलेले खंड, परवानगीची पत्रं हे सगळं धरून सहा आठवडे. 'ज्ञानप्रकाश' हे पुण्याचंच आणखी एक पत्रही घ्यावं असा मोह होईल, आवरा.

आता गृहीतक. 'केसरीने सरकारी उपायांवर टीका केली' हे गृहीतक नव्हे, ते शाळेच्या पुस्तकातही आहे. आधी प्रश्न ठरवा. उदाहरणार्थ: प्लेगचे रुग्ण शोधायला सरकार घरांची झडती घेई, त्या घरझडतीची तक्रार दोन्ही पत्रांत कुणाच्या तोंडून येते? संपादकाच्या, बातमीदाराच्या, की वाचकाच्या पत्रातून? हे मोजता येतं. आराखड्यात गृहीतकाचा रकाना असेल तर हाच प्रश्न विधान करून लिहा: 'झडतीविषयीच्या तक्रारी अग्रलेखांपेक्षा वाचकांच्या पत्रव्यवहारात अधिक आढळतील.' मोजल्यावर ते खोटं ठरलं तरी काही बिघडत नाही. का खोटं ठरलं यावर एक अख्खं प्रकरण होतं.

कपाट_नऊ

तिसऱ्या शंकेचं उत्तर: हो, अंक पाहावेच लागतील. संग्रहात येतात निवडक लेख. स्फुटं (संपादकीय छोटे लेख), बातम्या, वाचकांची पत्रं आणि औषधांच्या जाहिराती गळतात. वरचा प्रश्न घेतलात तर तुमचं अर्धं साधन या गळलेल्या मजकुरातच आहे. लेख कोणत्या पानावर, कोणत्या बातमीशेजारी होता हेही संग्रहात कळत नाही. शिवाय अग्रलेखांखाली नाव नसे. म्हणून 'टिळक म्हणतात' असं सरसकट लिहू नका, 'केसरी म्हणतो' लिहा.

दुसरा सापळा 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स'चा. सरकारी अनुवादक दर आठवड्याला देशी पत्रांचा इंग्रजीत गोषवारा काढत, ते हे अहवाल. सरकारचं लक्ष कशावर होतं हे पाहायला उत्तम, आणि कोणत्या तारखेचा अंक आधी उघडावा याची सूची म्हणूनही उपयोगी. पण त्यातलं इंग्रजी वाक्य परत मराठीत आणून अवतरणचिन्हांत 'केसरी'च्या नावावर घालणं म्हणजे आपणच 'केसरी' लिहिणं. प्रबंधांत हे सर्रास चालतं आणि मूळ अंक उघडला की पकडलं जातं.

मुंबईच्या राज्य अभिलेखागारात (एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत) जायचं असेल तर विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्र न्या. पत्रात विषय आणि वर्षं स्पष्ट हवीत. तिथे 'प्लेगच्या फायली द्या' म्हणून काही हाती लागत नाही. आधी सूची पाहायची, मग मागणीपत्रावर खातं (इथे जनरल डिपार्टमेंट, प्लेग), वर्ष, व्हॉल्यूम (बांधलेला खंड) आणि कंपायलेशन (त्यातली फाइल) क्रमांक लिहायचा. यातले शेवटचे दोन आकडे वहीत वेगवेगळे उतरवा. एकच उतरवलात तर तळटीप लंगडी राहते आणि त्या एका आकड्यासाठी परत मुंबई गाठावी लागते. आणखी एक: गॅटेकर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा १८९६-९७चा प्लेग अहवाल मुंबई शहराचा आहे. पुण्याच्या झडत्यांना त्याचा आधार देऊ नका.

नगरपेठ_२४

दोघांचे आभार. काही अंक स्कॅन केलेले मिळाले तर त्यात 'प्लेग' शब्द शोधून भागेल का?

तळटीप

नाही भागणार. छपाईचा जुना खिळा (टाइप), तुटलेली जोडाक्षरं आणि 'नाहीं', 'कां', 'घरें' असं लेखन यात यंत्राचा शोध अडखळतो. शिवाय त्या काळी या रोगाला 'ग्रंथिक सन्निपात'ही म्हणत. नुसतं 'साथ' किंवा 'रोग' म्हणून आलेला मजकूर तर कुठल्याच शोधात सापडायचा नाही. पान डोळ्यांनीच वाचा.

टिपायला दोन तक्ते करा. पहिला नोंदींचा: वृत्तपत्र, तारीख, पान, स्तंभ, प्रकार (अग्रलेख, स्फुट, बातमी, वाचकाचं पत्र, जाहिरात), आपल्या शब्दांत दोन ओळी, आणि वेगळ्या रकान्यात जसंच्या तसं अवतरण. आपले शब्द आणि अवतरण एकाच रकान्यात गेले की तीन महिन्यांनी कुठलं कुणाचं हे ओळखू येत नाही. नकळत होणारं वाङ्मयचौर्य बहुतेक इथूनच सुरू होतं. फोटोची परवानगी मिळाली तर फाइलचं नाव 'केसरी_१८९७०३१६_पा३' असं, वर्ष आधी. तारखेनुसार आपोआप लागतात.

दुसरा तक्ता कुणी करत नाही, तो पाहिलेल्या अंकांचा. अंक मिळाला का, पानं पूर्ण आहेत का, कोपरे फाटलेत का, प्लेगविषयी काही नसेल तर 'काही नाही'. याचं मोल कळायला एकच उदाहरण पुरे. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. लगेचचा मंगळवार १६ मार्च. त्या अंकात आणि पुढच्या दोन-तीन अंकांत उल्लेख आहे का, असल्यास किती ओळींचा, हे पाहाल. नाही दिसला, तर 'केसरीने दखल घेतली नाही' असं लिहिण्याआधी दुसरा तक्ता उघडा. एकही पान गहाळ असेल तर तुम्हाला एवढंच म्हणता येतं: 'उपलब्ध पानांत उल्लेख आढळला नाही.' ही दोन वाक्यं एक नाहीत. परीक्षक बोट ठेवतो ते पहिल्यावर.

अवतरणात जुनी अनुस्वारं तशीच ठेवा, १९६२चे शुद्धलेखनाचे नियम त्यांना लावू नका. टंकलेखन करताना स्वयंदुरुस्ती बंद करा, नाहीतर 'नाहीं'चं 'नाही' होतं आणि पत्ताही लागत नाही.

सिनॉप्सिसवाली

दप्तरदारांशी एका बाबतीत असहमत. 'ज्ञानप्रकाश' अजिबात नको असं नाही, तो राखीव ठेवा. आराखडा परत देण्याआधी ग्रंथालयात विचारून घ्या की 'सुधारक'चे या पाच महिन्यांचे नेमके किती अंक आहेत आणि ते हाताळायला देतात का. सूचीत 'खंड आहे' असणं आणि टेबलावर तो येणं यात बरंच अंतर असतं. निम्मेच निघाले तर तुलनेचं पत्र तेव्हाच बदला. नोंदणी झाल्यावर शीर्षक बदलायचं म्हणजे अर्ज, सह्या आणि महिनाभर थांबणं.

वाङ्मयचौर्याचं: यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के निघालं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं. संदर्भासह दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत. म्हणून आकड्याच्या भीतीने 'केसरी'चं वाक्य मोडून आपल्या शब्दांत बसवू नका. जुन्या पत्राची भाषा हाच तुमचा पुरावा आहे.

दप्तरदार

राखीव ठेवायला हरकत नाही. फक्त आराखड्यात त्याचं नाव घालू नका. घातलंत की तोही वाचावा लागेल.