आउटबोर्ड इंजिन: थर्मोस्टॅटच्या झाकणाच्या बोल्टचे आटे गेलेत, हेलिकॉइल बसवू की दुसरं काही?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) आहे, कायम खाऱ्या पाण्यात चालतं. थर्मोस्टॅट बदलायला झाकण उघडलं, तर चार बोल्टांपैकी खालचा एक आटे सोबत घेऊनच बाहेर आला. बोल्टवर ॲल्युमिनियमची वेटोळी गुंडाळलेली, भोकाच्या तोंडाशी पांढरी भुकटी. नवा बोल्ट लावून पाहिला, नुसता गरगर फिरतो. बोटांनी ओढला तरी हातात येतो.

मापं देतो. बोल्ट ६ मिमीचा, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी, डोक्याला दहाचा पाना. हेडमध्ये तो साधारण १२ मिमी शिरतो. भोक आरपार नाही, तार घालून मोजलं तर खोली २० मिमी भरते. एका अंगाला भोकाच्या काठापासून कास्टिंगच्या कडेपर्यंत जेमतेम ४ मिमी धातू आहे.

८चा आटा पाडून मोठा बोल्ट लावावा, असं एकाने सुचवलं. दुसरा म्हणतो एपॉक्सी भर. मला हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी स्टीलच्या तारेची गुंडाळी) बरं वाटतंय, पण इंजिन बोटीवरच आहे, म्हणजे ड्रिल आडवं धरून मारावं लागणार. भोक तिरकं गेलं आणि ती ४ मिमीची भिंत फुटली तर हेडच गेलं. कुणी बोटीवर इंजिन असताना हे काम केलंय का?

नांगर: ड्रिल हातात घेण्याआधी एक बघा. भोक २० मिमी खोल आणि बोल्ट जातो १२, म्हणजे तळाला ८ मिमी मोकळे आहेत. तिथले आटे अजून कोरे असतील. ५ मिमीने लांब बोल्ट हाताने फिरवून बघा, धरतोय का. तळाला टेकता कामा नये, नाहीतर पाना घट्ट लागतो आणि झाकण सैलच राहतं.

धागाकर्ता: बघितलं. शेवटी तीनेक वेढे धरतो, पण आवळायची हिंमत होत नाही.

लेथवाला: नका आवळू. तळाचे एक-दोन आटे तसेही पुरते पडलेले नसतात, टॅपचं (आटे पाडायच्या हत्याराचं) टोक निमुळतं असतं. ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या व्यासाच्या दीडपट तरी आटा धरलेला हवा, म्हणजे इथे ९ मिमी. तीन वेढ्यांवर गॅस्केट (झाकणाखालचं पाणी अडवणारं पातळ अस्तर) दाबून ठेवता येणार नाही.

८च्या आट्याबद्दल. त्यासाठी भोक ६.८ने वाढवायचं आणि आटे ८ मिमीपर्यंत कापायचे. शिवाय झाकणातलं भोकही मोठं करा, म्हणजे गॅस्केटची जागा तेवढी कमी. हेलिकॉइलला ६.३चं ड्रिल लागतं आणि त्याचा टॅप बाहेरून साधारण ७.३पर्यंत कापतो. तुमच्या ४ मिमीतले ३.३ उरतात. इतकी भिंत झाकणाच्या बोल्टला पुरे. आणि बोल्ट तोच मूळ मापाचा राहतो, आटे स्टीलचे होतात. मी तरी दुसरा विचार करणार नाही. जाड भिंतीचा बुश (आतून आटे असलेली धातूची नळी) मिळतो, तो हेलिकॉइलपेक्षा दणकट, पण त्याला सहसा जास्त धातू कापावा लागतो. तुमच्याकडे द्यायला तेवढा नाही.

आता तिरकेपणा. झाकणच गाइड म्हणून वापरा! झाकणातलं भोक बोल्टसाठी थोडं सैल असतं, सहसा ६.५च्या आसपास. त्यातून ६.३चं ड्रिल फारसं न हलता जातं. उरलेल्या तीन बोल्टांनी झाकण बसवा आणि त्यातून ड्रिल घाला. झाकण जुनं, भोक खाऊन मोठं झालेलं असेल तर मात्र ही युक्ती फसते. मग स्टीलच्या जाड पट्टीत लेथवर ६.३चं भोक पाडून घ्या आणि तीच पट्टी झाकणाच्या जागी बोल्टांनी आवळा. हात आडवा आहे की उभा, हा प्रश्नच राहत नाही.

ड्रिलला टेप गुंडाळून खोलीची खूण करा. टेप झाकणाच्या वर येणार, तेव्हा झाकणाची जाडी धरून मोजा. आहे ते भोक फक्त रुंद करायचंय, १ मिमीसुद्धा खोल जायचं नाही. पलीकडे पाण्याची वाट असते.

धागाकर्ता: वा, झाकणाची युक्ती डोक्यात आली नव्हती. पण चुरा? थर्मोस्टॅटची वाट अगदी शेजारी आहे.

लेथवाला: ड्रिल मारताना झाकण असतं, तेव्हा त्रास कमी. टॅप मारताना झाकण काढावंच लागणार, तेव्हा वाटेत ग्रीस लावलेलं फडकं कोंबा आणि त्याचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवा, म्हणजे विसरणार नाही. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, चुरा त्याला चिकटून बाहेर येतो. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, आणि मधूनमधून टॅप काढून पुसायचा. टॅप किटमधलाच हवा. साध्या ६ किंवा ८च्या टॅपने हेलिकॉइल बसत नाही, इथे बरेच जण फसतात. तळापर्यंत आटे हवेत तर शेवटी सपाट टोकाचा टॅप मारा.

१२ मिमी लांबीचं हेलिकॉइल घ्या. कडेपासून पाव ते अर्धा वेढा आत बसवा, वर डोकावलं तर झाकण टेकणार नाही. हेलिकॉइलच्या आतल्या टोकाला ते फिरवायला असलेला शेपटीचा तुकडा मोडून चिमट्याने बाहेर काढा.

भरतीओहोटी: एपॉक्सीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. हलक्या कव्हरच्या स्क्रूला चालून जाते. इथे गरम-थंड, पाण्याचा दाब आणि पुन्हापुन्हा उघडणं आहे. नकोच.

खारावारा: आटे का गेले ते विसरू नका. स्टेनलेसचा बोल्ट, ॲल्युमिनियमचं हेड आणि मध्ये खारं पाणी म्हटल्यावर ॲल्युमिनियमच झिजणार. हेलिकॉइलसुद्धा स्टेनलेसच, म्हणजे तीच जोडी परत. बसवताना त्याच्या बाहेरच्या बाजूला आणि नंतर बोल्टला ड्युरालॅक किंवा टेफ-जेलसारखं, दोन धातूंमधली झीज रोखणारं पेस्ट लावा. उरलेले तीनही बोल्ट काढून पेस्ट लावून परत बसवा, नाहीतर पुढचा धागा त्यांच्यावर निघेल. तेवढ्यात ॲनोडही (इंजिनऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) बघून घ्या. अर्ध्यावर आला असेल तर बदला, आणि त्याला रंग किंवा पेस्ट फासू नका, तो धातूला थेट टेकला तरच काम करतो.

धागाकर्ता: मग असं ठरवतो: झाकणातून ६.३, किटचा टॅप, १२ मिमीचं हेलिकॉइल, पेस्ट. टॉर्क किती द्यावा?

लेथवाला: आकडा तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या. ६च्या अशा बोल्टला तो सहसा ८ ते १० न्यूटन-मीटर असतो. पेस्टमुळे घर्षण कमी होतं, म्हणून मी थोडा कमीच देतो. चारही बोल्ट कर्णाच्या क्रमाने, दोन टप्प्यांत. मग फ्लशिंगचे कान (इंजिनला नळाचं पाणी द्यायचे रबरी कप) लावून इंजिन गरम होईपर्यंत चालवा आणि झाकणाच्या खालच्या कडेला बोट फिरवून ओल बघा. पाझर दिसला तरी गरम असताना पाना लावू नका.