हिंडणे, फिरणे, भटकणे आणि अटन

साठी उलटलेल्या माणसाने मुक्कामाचे ठिकाण न ठरवता, सावकाश, केवळ स्वतःची नव्याने ओळख व्हावी म्हणून चालत राहावे, या कृतीला मराठीत नेमके काय म्हणावे? बहुतेकांच्या तोंडी ‘भटकंती’ येते. या शब्दाला आता गडकिल्ल्यांच्या सुट्टीतल्या मोहिमांचा अर्थ चिकटला आहे. शिवाय ‘भटकणे’ या क्रियापदात आसरा नसल्याची छटा आहे, आणि 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यातील कित्येकांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला त्या भटक्या जमातींसाठी ती हौस कधीच नव्हती. ‘वणवण’ आणि ‘पायपीट’ यांत सक्ती आहे, ‘उंडारणे’ ही तर शिवीच. ‘वारी’ आणि ‘परिक्रमा’ यांना दिशा ठरलेली असते. ‘फिरायला जाणे’ हल्ली मधुमेहाच्या औषधासारखे वेळेवर घेतले जाते.

विदर्भाला मात्र याहून जुना शब्द ठाऊक आहे. महानुभाव पंथाच्या आचारधर्मात ‘अटन’ हे साधकाचे नित्यकर्म मानले आहे: एका गावाचा, एका घराचा लळा लागू नये म्हणून फिरत राहणे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरला सिद्ध केलेल्या लीळाचरित्राच्या ‘एकांक’ भागात पंथसंस्थापक चक्रधरांच्या एकाकी भ्रमणाच्या लीळा येतात. ‘पर्यटन’ हाही याच धातूचा शब्द आहे, पण त्यात आज तिकीट, हॉटेल आणि परतीची तारीख आली, तर ‘अटन’ शब्दात अजून केवळ चालणे आणि सुटत जाणे उरले आहे. तरीही संध्याकाळच्या चहाला घरी परतणाऱ्या निवृत्तिवेतनधारकाने तो स्वतःला लावू नये असे मला ठामपणे वाटते, कारण त्यामागे भिक्षेचे आणि संन्यासाचे कठोर व्रत आहे.

म्हणून माझे मत साध्या ‘हिंडणे’ला आहे. नागपूरच्या महाल भागात बडकस चौकातून निघून, गल्ली दिसेल तसे वळत, जुन्या वाड्याचे कोरीव दार पाहायला थांबत शुक्रवारी तलावाकडे निघालेल्या निवृत्त मास्तरांना ओळखीचा दुकानदार विचारतो, “काका, कुठं चालले?” त्यांचे उत्तर असते, “कुठंच नाही गा, हिंडून राहिलो.” हे आपल्या बोलीतले ‘-ऊन राहणे’ प्रमाण मराठीत अशुद्ध ठरवले जाते, इथे मात्र त्यातील ‘राहणे’ मला फार मोलाचे वाटते, कारण पोहोचण्याची अपेक्षा न ठेवता त्या हिंडण्यातच वस्ती केल्याचा भाव त्यातून ऐकू येतो. उतारवयात माणूस शोधतो ते बहुधा हेच असावे.

नागपूर-नागभीड नॅरोगेजच्या संथ गाडीने विनाकारण जाऊन येणारी मंडळी ती गाडी बंद होईपर्यंत या प्रवासाला काय म्हणत, हे कुणी ऐकले असल्यास जरूर नोंदवावे.