व्हॅक्सीन डेपोतल्या निम्म्या नोंदी वाया गेल्या का?

टिळकवाडीची मावशी:
रविवारी सकाळी सातला आम्ही सातजण झाडं-पाखरं नोंदवायला बेळगावच्या व्हॅक्सीन डेपोच्या झाडीत जमलो. दोन कॉलेजच्या पोरी, बाकी सगळे पेन्शनर. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे फोटो टाकून झाडं-प्राणी ओळखायच्या ॲपवर, तीन तासांत 126 नोंदी टाकल्या. घरी चहा घेत बघते तर गुलमोहर, नीलगिरी, सगळं 'कॅज्युअल' झालंय! 'रिसर्च ग्रेड', म्हणजे ओळख पक्की झालेल्या, फक्त 31. वहीत तर आणखी गंमत. मी आघाडा लिहिला, पोरीनं कन्नडमधलं उत्तराणी, दोन ओळी. गौरीला नेतो तोच की ओ, तिच्या आईनंही त्याच कुंपणाचा तोडलेला.
आणि मी टाकलेल्या शिक्र्याला, त्या शिकारी पाखराला, कुणीतरी पावशा म्हणतंय. शेपटीवर पट्टे स्पष्ट आहेत. भांडू की गप्प बसू?

खंदकवाला:
मावशी, कॅज्युअल म्हणजे नापास नव्हे. माणसानं लावलेलं झाड तिथं 'रानटी' धरत नाहीत, एवढंच. पण गुलमोहराची शेंग पडून गटाराकडेला आपोआप उगवलेलं रोप चालतं. मी किल्ल्याच्या खंदकाच्या भिंती बघतो. दगडाच्या फटीतला पिंपळ कोण लावणार? लावलेल्या झाडाखाली वाका, खोडावर बघा: बांडगूळ, नेचे, मुंगळे, कोळी. नोंदी तिथं आहेत. फोटो पानाच्या पुढचा, मागचा, फुलाचा, असे तीन तरी हवेत. किमान दोघांचं नाव जुळलं आणि दोन-तृतीयांशांहून जास्त जण सहमत झाले, की रिसर्च ग्रेड.

अनगोळचा पोरगा:
पावशा शिक्र्याचं सोंगच घेतो, पट्ट्यांवर जाऊ नका. चोच बघा. शिक्र्याची आकड्यासारखी वाकडी, पावशाची जवळजवळ सरळ. वहीत शास्त्रीय नाव एक आणि पुढं मराठी, कन्नड दोन्ही लिहा, म्हणजे आघाड्याचं भांडण मिटलं.

खंदकवाला:
एक राहिलं. 2022 च्या ऑगस्टमध्ये गोल्फ कोर्सवर बिबट्या आला होता, आठवतंय? हत्ती आणूनही घावला नाही. तसलं काही दिसलं, किंवा घरटं सापडलं, तर ठिकाण अस्पष्ट करून टाका. नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथं जत्रा.

टिळकवाडीची मावशी:
फोटो मोठा करून बघितला. चोच सरळच हाय. शिक्रा म्हणून नातवाला छाती फुगवून सांगितलंय, त्याचं काय करू ते सांगा आता.