'चे' भाग २ : मलाच कंटाळा आला की सिनेमा तसाच केलाय?

कर्वेरोडवाला
शनिवारी रात्री सोडरबर्गच्या 'चे'चे, म्हणजे क्रांतिकारक चे गव्हेरावरच्या सिनेमाचे, दोन्ही भाग सलग बघितले. पहिला संपला तेव्हा साडेअकरा वाजलेले, क्युबातली सांता क्लाराची लढाई बघून झोपच उडाली, म्हटलं दुसरापण आत्ताच लावू. आणि दुसऱ्यात काय, तर माणसं चालतायत, उपाशी आहेत, परत चालतायत, स्क्रीनवर नुसते दिवसांचे आकडे येतात. चे झालेल्या देल तोरोचा चेहरापण फारसा जवळून दाखवत नाहीत. क्युबात मंत्री असलेला माणूस सगळं सोडून बोलिव्हियाच्या जंगलात जातो आणि ११ महिन्यांत मारला जातो, एवढी मोठी गोष्ट आहे आणि मला साधं रडूपण आलं नाही. बघण्यात माझंच काही चुकतंय का? मनापासून विचारतोय.

पटवर्धनबागेतली
चुकत काही नाहीये, पण तो कंटाळा मुद्दाम आणलाय असं मला वाटतं. फ्रेमकडे लक्ष गेलं का? पहिल्या भागाची आडवी पसरट आहे, दुसऱ्याची त्याहून अरुंद. पहिल्यात पुढचं मागचं सगळं मिसळून सांगितलंय, दुसऱ्यात दिवसामागून दिवस, डायरीसारखं, आणि आधार त्याच्या बोलिव्हियातल्या डायरीचाच आहे.
आणि ती मोहीम खरंच तशीच झाली हो. डायरीत दर महिन्याच्या शेवटी तो आढावा लिहायचा, त्यात परत परत तेच येतं की शेतकरी सामील होत नाहीत. का होतील? १९५३ ला तिथे जमीन सुधारणा झालेली, बऱ्याच जणांना जमिनी मिळालेल्या, राष्ट्राध्यक्ष बारिएंतोस स्वतः केचुआ ही तिथली आदिवासी भाषा बोलायचा आणि खेड्यांत लोकांना आवडायचा. चेचे लोक केचुआ शिकायला बसले तर ज्या भागात होते तिथली भाषा निघाली ग्वारानी! वर बोलिव्हियन कम्युनिस्ट पक्षाचा नेता मोंखे याने नेतृत्वावरून वाद घालून हात काढून घेतले. क्युबात शहरातून माणसं, पैसा, औषधं येत होती, इथे मागे कोणीच नाही. मग लढाईचा थरार आणायचा कुठून?

ताम्हिणीचा_वाटसरू
ताई म्हणतात ते पटलं. मी ट्रेकवाला माणूस, एकदा जुलैमध्ये मुळशीच्या मागे आम्ही सात जण वाट चुकलेलो, दोन तास एकाच ओढ्याभोवती फिरलो आणि शेवटी कोणी कोणाशी बोलेना. एका दुपारचं हे. चेच्या माणसांचे दोन गट एप्रिलमध्ये वेगळे झाले ते चार महिने एकमेकांना शोधत फिरले आणि भेटलेच नाहीत. ३१ ऑगस्ट १९६७ ला वादो देल येसोला नदी ओलांडताना दुसरा गट सैन्याने टिपला, चेची साथीदार तान्या त्यातच गेली, आणि त्या पाणवठ्यावर त्यांना आणलं ते एका ओळखीच्या शेतकऱ्यानेच. तिथे मला रडू आलं नाही, पोटात गोळा आला.

जुना_सदाशिवपेठी
माझं मत वेगळं आहे. सिनेमा माणूस दाखवतो पण तो का गेला ते सांगत नाही. १९६५ ची त्याची काँगोतली मोहीम पूर्ण गाळलीय, तिथेही तो हरलेला. ते कळल्याशिवाय बोलिव्हियातला हट्ट कसा समजणार?
आणि आपण पुण्यात बसून हे बोलतोय तर वासुदेव बळवंत फडके आठवल्याशिवाय राहत नाहीत. लष्करी हिशेबखात्यातली नोकरी करणारा माणूस, १८७९ ला रामोश्यांना घेऊन उठला, आधी धनिकांना लुटून पैसा उभा करू मग फौज, असा हिशेब. पण बरोबरच्यांना लुटीत रस, गावं उठली नाहीत, मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक पडले आणि जुलैमध्ये कलादगीकडे हे तापाने फणफणलेले झोपेत सापडले. मी संगम पुलावरून जातो तेव्हा दर वेळी तो माणूस डोळ्यासमोर येतो. त्यांच्यावर असा दिवसागणिक, कोरडा सिनेमा कोणीतरी करावा, पार एडनच्या तुरुंगापर्यंत.

दम्याचा_पेशंट
कोणी चेच्या दम्याबद्दल बोललंच नाही म्हणून लिहितो. मला लहानपणापासून आहे, दिवाळीत दरवर्षी हाल होतात, खिशात पंप नसेल तर नाक्यापर्यंत जायची हिंमत होत नाही. ६ जुलैला त्यांनी सामाइपाता गाव ताब्यात घेतलं ते औषधांसाठी, आणि त्याला हवं होतं तेच औषध मिळालं नाही. ऑगस्टमध्ये लपवून ठेवलेला साठाही सैन्याला सापडला. त्याच महिन्यात तो चिडून आपल्याच घोडीच्या मानेत सुरा खुपसतो आणि मग सगळ्यांना जमवून स्वतःची चूक कबूल करतो, डायरीत आहे हे. श्वास मिळत नाही तेव्हा माणूस कसा होतो ते मला माहितीये. देल तोरो चालताना खांदे कसे उचलतो ते बघा, कान फिल्म फेस्टिवलला बेस्ट अॅक्टर मिळालं ते मला त्या खांद्यांसाठीच वाटतं.

कर्वेरोडवाला
सगळ्यांचे आभार. काल दुसरा भाग एकटाच परत बघितला, या वेळी मध्ये फोन नाही घेतला. खांदे दिसले. शेवटी डायरी काढून ७ ऑक्टोबरची नोंद वाचली, शेळ्या चारणारी म्हातारी घळीत येते, तिला ५० पेसो देतात आणि कोणाला सांगू नको म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो पकडला गेला, ९ ला ला इगेरा गावच्या शाळेत गोळ्या घातल्या. सतराच जण उरले होते तोवर. जुना सदाशिवपेठी काका, फडक्यांवर वाचायला काय घेऊ ते सांगा, रविवारी अप्पा बळवंत चौकात जाणारच आहे.