टीसीएल पावडरमुळे कर्करोगाचा धोका: टाकीत टाकणे बंद करावे का?

सदनिकाधारक, सांगली
पाऊस लागला की कृष्णेचे पाणी गढूळ होते आणि नळाच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येऊ लागतो. परवा तर चहालाही तो लागला. शिवाय आमचा वॉचमन इमारतीच्या टाकीत अंदाजाने वाटीभर टीसीएल, म्हणजे पाण्यात क्लोरीन सोडणारी ब्लीचिंग पावडर, टाकतो. क्लोरीनमुळे पाण्यात कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात, असे वाचून एका सभासदाने पावडर कायमची बंद करण्याचा ठराव मांडला आहे. यात तथ्य किती? घरी भावजय गरोदर आहे.

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, सातारा
तथ्य आहे, पण ठराव चुकीचा आहे. कुजलेला पालापाचोळा, माती आणि सांडपाणी यांतून पाण्यात उतरलेल्या सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन्स आणि हॅलोअॅसेटिक आम्ले तयार होतात, हे 1970च्या दशकापासून ज्ञात आहे. असे पाणी अनेक वर्षे पिणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण काहीसे अधिक आढळल्याचे अभ्यास आहेत. गर्भावरील परिणामांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. भारतीय मानक आयएस 10500 नुसार क्लोरोफॉर्म लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमच्या वर नसावे. गंमत अशी की त्याच मानकात नळाच्या पाण्यात मुक्त क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम असावे, असेही म्हटले आहे. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते आणि ती व्हायला काही आठवडे पुरतात. तेव्हा भावजयींच्या दृष्टीने क्लोरीन नसलेली टाकी अधिक भीतीदायक आहे.

जलशुद्धीकरणातील जुना कर्मचारी, मिरज
सरांशी सहमत. फक्त वासावरून या द्रव्यांचा अंदाज बांधू नका, वास मुख्यतः क्लोरीनचा असतो. खरा उपाय क्रमात आहे: आधी तुरटीने गाळ खाली बसवायचा, मग वाळूच्या थरातून पाणी गाळायचे आणि शेवटी क्लोरीन द्यायचा, म्हणजे त्याला संयोग पावायला सेंद्रिय द्रव्य कमी उरते. इमारतीत मात्र वाटी बंद करून ओटी टेस्टची (पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणाऱ्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाची) बाटली आणा. नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर फिकट पिवळा रंग आला, तर वरून पावडर टाकायचीच नाही. टाकी शेवटची कधी धुतली होती?

सदनिकाधारक, सांगली
पिण्याचे पाणी उकळले तर चालेल का?

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, सातारा
अवश्य, भावजयींसाठी तर उकळाच. झाकण काढून, खिडकी उघडी ठेवून उकळल्यास ट्रायहॅलोमिथेन्स बरीचशी उडून जातात, हॅलोअॅसेटिक आम्ले मात्र उडत नाहीत. त्यांच्यासाठी सक्रिय कोळशाचा फिल्टर उपयोगी पडतो, अर्थात कोळसा वेळेवर बदलला तर. दोन्ही उपायांत क्लोरीन निघून जातो आणि पाणी निराधार होते, म्हणून ते झाकून ठेवा आणि पेला न बुडवता ओगराळ्याने घ्या.

सदनिकाधारक, सांगली
दोघांचेही आभार. वाटी आजच ताब्यात घेतली. टाकीचे म्हणाल, तर वॉचमनला विचारले. तो म्हणाला, गेल्या दिवाळीच्याही आधी. झाकण उघडून पाहिले, तळाशी बोटभर गाळ आहे.