जुन्या मारुती ८०० चे ब्रेक ऑइल घरी बदलणे

प्रश्न : माझ्या १९९८ सालच्या मारुती ८०० चे ब्रेक ऑइल बरीच वर्षे बदललेले नाही आणि डबीत ते कोऱ्या चहासारखे दिसते. परवा वरंधा घाट उतरून आल्यावर पॅडल मऊ लागले, गाडी थंड झाल्यावर मात्र पूर्ववत झाले. मदतीला मुलगी आहे. हे काम आम्ही घरी करावे का?

प्रतिसाद १ : अवश्य करावे, पण तोवर घाटात जाऊ नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. कोरडे डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १४० च्या आसपास येते. उतारावर तापलेल्या कॅलिपरमध्ये (पुढच्या चाकातील, ब्रेक पॅड दाबणारा भाग) त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल खोल जाते. आपण वर्णन केलेले लक्षण नेमके हेच आहे.

डबीतील जुने ऑइल सिरिंजने काढून झाकणावर लिहिलेल्या प्रतीचे, सीलबंद डब्यातील नवे ऑइल भरावे. सहसा मास्टर सिलिंडरपासून (पॅडलच्या दाबाने ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात. तरी आपल्या मॉडेलचा क्रम मॅन्युअलमध्ये पाहावा. निपलला (चाकाच्या ब्रेकवरील, ऑइल व हवा बाहेर सोडणारा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील ऑइलमध्ये बुडवावे. मुलीने पॅडल दाबून धरल्यावर निपल उघडावा आणि तो पुन्हा बंद होईपर्यंत तिने पाय मुळीच उचलू नये, अन्यथा हवा आत ओढली जाते. डबीतील पातळी ‘मिन’च्या खाली जाऊ देऊ नये.

प्रतिसाद २ : एक गोष्ट आवर्जून सांगतो. पॅडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रबर रोज जेथे फिरते तो भाग गुळगुळीत राहतो, पण त्यापुढे गंज व गाळ साचलेला असतो. पॅडल तळापर्यंत दाबले की रबराची कड तेथे घासून फाटते आणि चांगला ब्रेक निकामी होतो. निपलवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारावा व रिंग पानाच वापरावा. ऑइल रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

प्रश्नकर्ता : हवा पूर्ण निघाली हे कसे ओळखावे?

प्रतिसाद २ : नळीत बुडबुडे दिसत नाहीत आणि पॅडल पहिल्याच दाबाला घट्ट लागते. ते दुसऱ्या दाबाला वर येत असेल, तर हवा उरली आहे किंवा मागच्या ड्रममधील शूज (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग) सैल आहेत. इंजिन चालू ठेवून मिनिटभर पॅडल दाबून धरावे. ते हळूहळू खाली बसू लागले आणि बाहेर कोठेही गळती नसली, तर मास्टर सिलिंडर उघडावाच लागेल.