डेलावेअरच्या तीन काउंट्या: तक्ता तपासून द्या

मेघा: स्मरणिकेसाठी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या तीन काउंट्यांचा (म्हणजे जिल्ह्यांचा) तक्ता करतेय. २०२० ची जनगणना: न्यू कॅसल ५,७०,७१९, ससेक्स २,३७,३७८, केंट १,८१,८५१. एकूण ९,८९,९४८, बेरीज जुळली. एवढ्यावर आलेख काढू का?

अतुलदादा: आकडे बरोबर आहेत, पण जमिनीचं क्षेत्रफळ हवंच. फक्त जमीन धर, उपसागराचं पाणी मिसळलं की घनता खोटी कमी दिसते. न्यू कॅसल साधारण १,१०४ चौ. किमी., केंट १,५१८, ससेक्स २,४२४. घनता अनुक्रमे दर चौ. किमी. ५१७, १२० आणि ९८ माणसं. राज्याच्या २२ टक्के जमिनीवर ५८ टक्के माणसं! राज्यातलं सगळ्यात मोठं शहर विल्मिंग्टन, आय-९५ महामार्ग आणि बँकांना सवलती देणाऱ्या १९८१ च्या कायद्यानंतर आलेल्या बँका, सगळं उत्तरेला, न्यू कॅसलमध्येच.

काका: मेघा, शेजारी २०१० चा रकाना टाक, खरी गंमत तिथे आहे. न्यू कॅसल ५,३८,४७९, केंट १,६२,३१०, ससेक्स १,९७,१४५. दहा वर्षांत न्यू कॅसलमध्ये ३२,२४० वाढले आणि ससेक्समध्ये ४०,२३३. निम्म्याहून लहान काउंटीने मोठीपेक्षा जास्त माणसं जोडली. टक्केवारी ६ आणि २०. नुसती टक्केवारी छापू नकोस, दोन्ही दे.

मेघा: ससेक्समध्ये जन्मदर जास्त आहे का?

काका: उलट, तिथे जन्मांपेक्षा मृत्यू जास्त. वाढ सगळी स्थलांतराची. विक्रीकर नाही, मालमत्ता कर कमी, समुद्र जवळ, म्हणून आसपासच्या राज्यांतले निवृत्त लोक तिकडे घरं घेतात.

अतुलदादा: आणि एक तळटीप नक्की दे. जनगणना १ एप्रिलला माणूस नेहमी जिथे राहतो तिथे मोजते. ससेक्समधल्या रेहोबथ, बेथनीच्या किनाऱ्यावरची उन्हाळी घरं त्या दिवशी रिकामी म्हणून नोंदली जातात. जुलैतलं पाणी, सांडपाणी, किनाऱ्याकडे जाणाऱ्या रूट १ रस्त्यावरची कोंडी यांचा अंदाज २,३७,३७८ वरून बांधला तर चुकणारच.

वहिनी: आकडे जनगणनेच्या साइटवरून घेताना नाव बघून घ्या हं. 'न्यू कॅसल' टाकलं की त्या नावाचं छोटं शहरही येतं. केंट काउंटी शेजारच्या मेरीलँडमध्येही आहे, ससेक्स न्यू जर्सीत. नावाऐवजी प्रत्येक काउंटीच्या सरकारी कोडने शोधा: केंट १०००१, न्यू कॅसल १०००३, ससेक्स १०००५. आणि जनगणनेच्या आकड्याशेजारी लोकसंख्येचा जुलैचा वार्षिक अंदाज ठेवू नका, दोन्हींची पद्धत वेगळी.

काका: पानावर जागा उरली तर राज्याच्या विधानसभेचं लिही, ते फार महत्त्वाचं आहे. राज्याच्या १८९७ च्या घटनेनं कनिष्ठ सभागृहाच्या ३५ जागांपैकी केंट आणि ससेक्सला प्रत्येकी १० दिल्या, न्यू कॅसलला विल्मिंग्टनसकट १५. १९६० मध्ये न्यू कॅसलमध्ये ३,०७,४४६ माणसं होती, म्हणजे राज्याची ६९ टक्के. तरी जागा ४३ टक्केच! १९६४ मध्ये 'रोमन विरुद्ध सिन्कॉक' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्यायला लावल्या.

मेघा: आणि आता?

अतुलदादा: आता ४१ जागा, एका मतदारसंघात सरासरी २४,१४५ माणसं. २०२० नंतरच्या फेररचनेत क्रमांक ४ चा मतदारसंघ विल्मिंग्टनकडून उचलून ससेक्सला गेला. काकांच्या त्या ४०,२३३ चाच हा परिणाम. १९६० ची ओळ तक्त्यात सगळ्यात वर घे.